पऱ्हाटीपासून डिझेल बनतं का? सिंथेटिक डिझेलचं गणित, वर्धा जिल्ह्याच्या हिशोबाने

"कापसाच्या पऱ्हाटीपासून डिझेल! शेतकरी होणार मालामाल!" अशी पोस्ट तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी आलीच असेल. खाली व्हिडिओ, त्याखाली फोन नंबर आणि कधीकधी "फ्रँचायझी घ्या, आधी नोंदणी करा" असा आग्रह. गंमत म्हणजे पोस्टमधला मूळ दावा खोटा नाही. पऱ्हाटीपासून डिझेल खरंच बनतं. कोळशापासून बनतं, नैसर्गिक वायूपासूनही बनतं. हे रसायनशास्त्र १०० वर्षं जुनं आहे.

मग वर्धा जिल्ह्यात त्याचा कारखाना का नाही? पऱ्हाटी शेतात पडलेली आहे, कोळसा शेजारच्या चंद्रपूर-यवतमाळमध्ये आहे आणि मुंबई-नागपूर गॅस पाइपलाइनचा मार्ग समृद्धी महामार्गाच्या कडेने इकडूनच जातो. कच्चा माल तिन्ही प्रकारचा जवळ असून अडतं कुठे? या लेखात तेच एकेक करून बघूया. शेवटी अशा पोस्ट तपासायची एक सोपी आकडेमोडही दिली आहे.

सिंथेटिक डिझेल म्हणजे काय?

नेहमीचं डिझेल जमिनीतून निघालेलं कच्चं तेल गाळून मिळतं. सिंथेटिक डिझेल मात्र अणू-रेणू जोडून तयार केलं जातं. डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. एका साखळीत साधारण १० ते २० कार्बन असतात. कार्बन कुठूनही आणा, हायड्रोजन कुठूनही आणा, साखळी नीट जोडली की झालं डिझेल.

कच्च्या मालावरून त्याची तीन नावं पडली आहेत: जीटीएल म्हणजे वायूपासून द्रव इंधन, सीटीएल म्हणजे कोळशापासून आणि बीटीएल म्हणजे बायोमासपासून.

इथे एक गोंधळ आधीच दूर करूया, कारण "बायो" शब्द लागला की सगळं एकच वाटतं.

- बायोडिझेल: करंज, पाम किंवा वापरलेलं खाद्यतेल घेऊन त्यात मिथेनॉल मिसळून करतात. यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते रासायनिकदृष्ट्या डिझेलपेक्षा वेगळं आहे.
- हायड्रोजन दिलेलं तेल (एचव्हीओ): तेच तेल, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेतून. तयार होणारं इंधन जवळजवळ सिंथेटिक डिझेलसारखंच असतं.
- सिंथेटिक डिझेल: यात तेल लागतच नाही. लाकूड, पऱ्हाटी, कोळसा, वायू, ज्यात कार्बन आहे ते चालतं. आपला विषय हाच.

बनतं कसं? पाच पायऱ्या

तुमच्या फोनमध्ये वेगवेगळ्या फॉरमॅटचे व्हिडिओ असतात. कन्व्हर्टर ॲप आधी ते सगळे उघडून कच्च्या डेटात आणतं आणि मग हव्या त्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं. सिंथेटिक डिझेलच्या कारखान्यात असंच होतं. इथल्या "कच्च्या डेटा"चं नाव सिंगॅस: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण.

१. तयारी. पऱ्हाटी असेल तर वाळवून बारीक तुकडे करायचे. कोळसा असेल तर दळायचा. वायूला हे काही लागत नाही.

२. गॅसिफिकेशन. माल कमी ऑक्सिजनमध्ये, ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवायचा. पूर्ण ऑक्सिजन दिला तर तो जळून नुसता धूर आणि राख उरेल. अर्धवट दिला की सिंगॅस मिळतो. ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा भारतात कोळशाच्या गॅसवर बस धावल्या होत्या. बसला भट्टी जोडलेली असायची आणि तिच्यातला गॅस थेट इंजिनात जायचा.

३. सफाई. सिंगॅसमध्ये डांबर, राख, गंधक येतं. ते काढावंच लागतं, कारण पुढच्या पायरीतला उत्प्रेरक गंधकाच्या अगदी थोड्या अंशानेही निकामी होतो. बायोमासच्या कारखान्यांना सगळ्यात जास्त त्रास या डांबराचा होतो. शिवाय हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण साधारण २:१ लागतं. नैसर्गिक वायूपासून ते सहज मिळतं. कोळसा आणि पऱ्हाटीत हायड्रोजन कमी पडतो, म्हणून वाफ वापरून तो वाढवावा लागतो. त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड होऊन वाया जातो.

४. साखळी जोडणं. हा सगळ्याचा गाभा. जर्मनीत म्युलहाइम इथल्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास ही पद्धत शोधली, म्हणून तिला फिशर-ट्रॉप्श म्हणतात. लोह किंवा कोबाल्टचा उत्प्रेरक, २०० ते ३५० अंश तापमान आणि वातावरणाच्या २०-३० पट दाब. माळेत एकेक मणी ओवावा तसा एकेक कार्बन साखळीला जोडला जातो. काही साखळ्या लवकर तुटतात, त्यांचा गॅस किंवा नाफ्था होतो. काही खूप लांब होतात, त्यांचं मेण होतं.

५. कापणी. लांब मेण हायड्रोजनच्या मदतीने तोडून डिझेलच्या मापाचं केलं जातं.

शेवटी हातात येतं ते पाण्यासारखं रंगहीन, जवळजवळ वास नसलेलं डिझेल.

नेहमीच्या डिझेलपेक्षा चांगलं की वाईट?

बऱ्याच बाबतीत चांगलं. डिझेल किती पटकन पेट घेतं ते सिटेन क्रमांकावरून कळतं. बीएस-६ डिझेलला हा क्रमांक किमान ५१ लागतो, फिशर-ट्रॉप्श डिझेलचा ७० च्या पुढे जातो. बीएस-६ मध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात १० भाग आहे. सिंथेटिकमध्ये गंधक जवळजवळ शून्य असतं, काजळीही कमी.

तोटेही आहेत. ते हलकं असतं, म्हणून एका लिटरमध्ये ऊर्जा थोडी कमी भरते. गंधकाची संयुगं नसल्याने पंपाला मिळणारं वंगण कमी पडतं, त्यासाठी वेगळं द्रव्य मिसळावं लागतं. जुन्या इंजिनांत रबरी सील गळायला लागण्याची शक्यता असते. बाकी इंजिन तेच, टाकी तीच, पंपही तोच. म्हणून तर सगळ्यांना याचं आकर्षण आहे: बॅटरीसारखी नवी गाडी घ्यावी लागत नाही.

आतापर्यंत हे कुणी केलं?

जर्मनीकडे तेल नव्हतं, कोळसा होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे फिशर-ट्रॉप्शचे नऊ कारखाने चालू होते. दक्षिण आफ्रिकेने १९५० मध्ये सासोल कंपनी काढली आणि १९५५ पासून कोळशाचं तेल बनवायला सुरुवात केली. पुढे वर्णभेदामुळे जगाने तेलबंदी घातली तेव्हा तिथल्या सरकारने सेकुंडा इथे प्रचंड कारखाने उभे केले. ते आजही चालू आहेत. क्षमता दिवसाला दीड लाख बॅरलच्या आसपास.

वायूच्या बाबतीत शेलने १९९३ मध्ये मलेशियात बिंतुलूचा कारखाना सुरू केला आणि २०११ मध्ये कतारमध्ये पर्ल. पर्लची क्षमता दिवसाला १,४०,००० बॅरल. तिथे समुद्रातला वायू दारातच आहे.

बायोमासची गोष्ट वेगळी निघाली. जर्मनीत फ्रायबर्गला कोरेन कंपनीने लाकडापासून डिझेलचा कारखाना उभारला. २००८ मध्ये त्याच्या उद्घाटनाला चॅन्सेलर अँगेला मर्केल आल्या होत्या. २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत नेवाडामध्ये फुलक्रम कंपनीने शहराच्या कचऱ्यापासून २०२२ मध्ये तेल काढून दाखवलं आणि २०२४ मध्ये तीही दिवाळखोरीत गेली.

म्हणजे रसायनशास्त्र सगळीकडे तेच. कोळसा आणि वायूवाले टिकले, बायोमासवाले अडखळले. का, ते वर्ध्याच्या आकड्यांवर बघूया.

पऱ्हाटीचं गणित

आकडे गोल धरूया. वर्धा जिल्ह्यात कापसाखाली साधारण २ लाख हेक्टर जमीन असते, म्हणजे जवळपास ५ लाख एकर. एका एकरातून वाळलेली पऱ्हाटी साधारण १ टन निघते. वर्षाला झाले ५ लाख टन. ऐकायला भरपूर वाटतं.

चांगल्या कारखान्यात १ टन वाळलेल्या बायोमासपासून १५० ते २०० लिटर द्रव इंधन मिळतं. ते सगळं डिझेल नसतं, काही नाफ्थाही असतो. म्हणजे एकरी फार तर २०० लिटर. त्यातून पऱ्हाटी उपटणं, कापणं, ट्रॉलीत भरणं, नेणं आणि वाळवणं हा सगळा खर्च वजा करायचा.

आता कारखाना धरूया दिवसाला १,००० बॅरलचा. हा अगदी छोटा, पर्लच्या १४० व्या हिश्शाएवढा. १ बॅरल म्हणजे १५९ लिटर. याला दिवसाला ८०० ते १,००० टन पऱ्हाटी लागेल, वर्षाला जवळपास ३ लाख टन. म्हणजे जिल्ह्यातल्या निम्म्याहून जास्त कापसाची पऱ्हाटी या एकाच छोट्या कारखान्याला पाहिजे.

पुढचा प्रश्न आणखी अवघड. पऱ्हाटी बारा महिने निघत नाही. शेवटची वेचणी झाली की जानेवारी ते मार्च एवढाच काळ. ३ लाख टन ९० दिवसांत गोळा करायचे म्हटले तर रोज ३,३०० टनांहून जास्त. पऱ्हाटी फुगीर असते, एका ट्रॉलीत दीड टन बसली तरी खूप. म्हणजे आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर अशा सगळ्या तालुक्यांतून रोज दोन हजारांवर ट्रॉल्या. आणि उरलेल्या नऊ महिन्यांसाठी तो माल पावसापासून आणि आगीपासून सांभाळायचा.

कोळशाशी तुलना केली की खरी गोष्ट कळते. आपल्याकडच्या कोळशात राख खूप, बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के. त्यामुळे अशा अनेक कोळशांची किलोमागे उष्णता पऱ्हाटीपेक्षा फार जास्त नसते! फरक आहे तो साठ्याचा. कोळसा एकाच खाणीतून, बाराही महिने, रेल्वेच्या वाघिणीत भरून येतो. पऱ्हाटी लाखभर बांधांवर पसरलेली असते.

मग कोळशापासूनच करा ना?

वर्धा नदीच्या खोऱ्यातलं कोळसा क्षेत्र बहुतेक चंद्रपूर आणि यवतमाळमध्ये येतं. तिथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. देशानेही कोळसा गॅसिफिकेशनचं मोठं उद्दिष्ट ठेवलं आहे: २०३० पर्यंत १० कोटी टन. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,५०० कोटी रुपयांची मदत योजना मंजूर केली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला अशा प्रकल्पासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दावोसला न्यू एरा क्लीनटेक कंपनीशी करार केला. हैदराबादला भेलने जास्त राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल काढून दाखवलं आहे.

पण देशातल्या प्रकल्पांची यादी पाहिली तर तिथे अमोनियम नायट्रेट, कृत्रिम नैसर्गिक वायू, पोलादासाठीचा गॅस अशी नावं दिसतात. सिंगॅसपर्यंत येऊन थांबणं किंवा त्याचं साधं रसायन करणं स्वस्त पडतं. डिझेलपर्यंत जायला आणखी दोन महागड्या पायऱ्या लागतात. २००९ मध्ये ओडिशात कोळशापासून तेल करण्यासाठी टाटा-सासोल आणि जिंदाल यांना दोन खाणपट्टे दिले होते. तो तेलाचा कारखाना उभा राहिला नाही.

दुसरी अडचण हवेची. कार्बन पकडून जमिनीत साठवला नाही तर कोळशाच्या डिझेलमागे एकूण कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या डिझेलच्या जवळपास दुप्पट निघतो. अर्धा कारखान्याच्या चिमणीतून, अर्धा गाडीच्या सायलेन्सरमधून. सेकुंडा हे जगात एकाच ठिकाणाहून सर्वात जास्त कार्बन सोडणाऱ्या जागांपैकी एक आहे. पाणीही भरपूर लागतं, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात तो प्रश्न छोटा नाही.

आणि गॅस?

गॅसचं रसायन सगळ्यात सोपं, पण आपल्याकडे हिशोब उलटा आहे. भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा वायू बाहेरून आणतो. तो थंड करून जहाजाने आणायचा, पुन्हा वायू करायचा, मग डिझेल बनवताना त्यातली ४० टक्के ऊर्जा घालवायची, यात अर्थ नाही. तोच वायू सीएनजी म्हणून गाडीत भरला की काम झालं. कतारला जे परवडतं ते आपल्याला परवडत नाही.

ऊर्जा किती वाया जाते?

कच्च्या मालात १०० एकक ऊर्जा असेल तर डिझेलमध्ये साधारण एवढी उरते:

- वायूपासून: ६०
- कोळशापासून: ४५ ते ५०
- बायोमासपासून: ४० च्या आसपास

पऱ्हाटीच्या ब्रिकेट किंवा पेलेट करून बॉयलरमध्ये जाळल्या तर ही मधली घट बरीच टळते. म्हणून विदर्भात ब्रिकेटचा धंदा चालतो, डिझेलचा नाही. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, हिने पऱ्हाटीच्या पेलेटवर काम केलं आहे. केंद्राच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत काही टक्के बायोमास जाळायचा आहे, त्यामुळे मागणीही आहे.

शिवाय शेतातून पऱ्हाटी वेळेत काढली तर गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र तुटायला मदत होते. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. पण सगळीच पऱ्हाटी नेली तर काहींच्या घरचं सरपण जातं आणि जमिनीला परत मिळणारा कार्बनही जातो. तिचा भाव ठरवताना हेही मोजायला हवं.

वर्ध्यात हा प्रश्न जुनाच

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाललं. तिथे रॉकेलऐवजी गावात मिळणाऱ्या तेलावर जळणारा "मगनदीप" तयार झाला होता. त्या संघाचे जे. सी. कुमारप्पा १९४० च्या दशकात एक साधा फरक सांगत: काही संपत्ती साठ्याची असते, वापरली की संपते; काही प्रवाहाची असते, दरवर्षी पुन्हा येते. कोळसा आणि वायू पहिल्या प्रकारात, पऱ्हाटी दुसऱ्या. सिंथेटिक डिझेलची सगळी अडचण याच फरकात आहे. साठा एका जागी असतो, म्हणून मोठा कारखाना चालतो. प्रवाह सगळीकडे पसरलेला असतो, म्हणून त्याला छोटं आणि जवळचं तंत्र लागतं. फिशर-ट्रॉप्श कारखाना मात्र मोठा असला तरच परवडतो. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे एमगिरी आहे आणि तिथे ग्रामीण ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. शंका असेल तर जिल्ह्यात विचारायला ही जागा आहे.

पोस्ट आली तर हे तपासा

१. लिटरचा दावा. १ किलो वाळलेल्या पऱ्हाटीत सुमारे १७ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे टनाला १७,०००. १ लिटर सिंथेटिक डिझेलमध्ये सुमारे ३४. भागाकार करा: ५०० लिटर. काहीही वाया न जाता, १०० टक्के कार्यक्षमतेने एवढंच मिळू शकतं. बाहेरून वेगळी ऊर्जा न घालता कुणी "टनाला ६०० लिटर" म्हणत असेल तर तो निसर्गाचा नियम मोडतोय. २०० च्या वर म्हणत असेल तरी पुरावा मागा.

२. यंत्राचा आकार. घरामागच्या शेडमध्ये बसणारं यंत्र फिशर-ट्रॉप्श नसतं. ते बहुधा पायरोलिसिसचं असतं, म्हणजे बंद भांड्यात तापवून काढलेलं तेल. पऱ्हाटीचं असं तेल आंबट, पाणीदार आणि गंजवणारं असतं. ट्रॅक्टरमध्ये ओतलं तर इंजेक्टर जाईल.

३. प्रमाणपत्र. गाडीच्या डिझेलला आयएस १४६० आणि बायोडिझेलला आयएस १५६०७ हे मानक लागू आहे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवा म्हणा. "बायोडिझेल"च्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकणाऱ्यांवर राज्यात कारवाया झाल्या आहेत.

४. पैसे कुणाकडून? माल विकून पैसे मिळणार की नवीन सभासद आणून? आधी नोंदणी फी मागणाऱ्याचा धंदा डिझेलचा नाही, फीचा आहे.

५. खरेदीची हमी. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाची शिफारस केली आणि नंतर देशभर लागवडी झाल्या. अपेक्षेएवढं बी आलं नाही, खरेदीची साखळीही उभी राहिली नाही. म्हणून पऱ्हाटी कुणी मागितली तर तीन गोष्टी लेखी घ्या: टनाचा भाव, कापणी-वाहतूक कुणाकडे आणि पैसे किती दिवसांत.

थोडक्यात

पऱ्हाटीपासून डिझेल बनतं, यात खोटं काही नाही. पण ते शेतकऱ्याच्या अंगणात बनत नाही आणि जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात छोट्या कारखान्यातही परवडत नाही. जिथे विजेवर काम भागत नाही अशा विमानांसारख्या ठिकाणी हे तंत्र पुढे कामाला येईल. आज वर्ध्यातल्या पऱ्हाटीला खरा भाव मिळायचा असेल तर ब्रिकेट-पेलेटचा जवळचा कारखाना हा साधा रस्ता आहे. ती व्हॉट्सॲप पोस्ट पुढे ढकलण्याआधी ५०० चा तो भागाकार एकदा करा, आणि घरात कुणी पैसे भरायच्या तयारीत असेल तर त्यांनाही करून दाखवा.